लहान एबूच्या खोऱ्यातील भुतावळ

भुताखेतांच्या गोष्टी ऐकण्यासाठी व्याख्यानमालेपर्यंत येण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. त्या गोष्टी घरोघर आजीच्या तोंडी असतात, आणि दिवा मालवल्यावर त्या अधिक रंगतात. ह्या सभेत तर दिवे लख्ख लागलेले आहेत. परंतु आम्ही हा विषय इतिहासाचा म्हणून निवडला आहे. भूत खरे की खोटे, ह्या वादात इतिहासाने पडू नये. ते कोणाला दिसले, कोणत्या वाटेवर दिसले, कोणत्या काळात दिसले आणि पाहणारा त्या वेळी कशाला भीत होता, हे मात्र इतिहासाने विचारावे. राजेरजवाड्यांच्या भीतीची नोंद तहनाम्यांत आणि बखरींत सापडते. मेंढपाळाच्या, दूध आणायला निघालेल्या म्हातारीच्या किंवा खाणीत उतरणाऱ्या पोराच्या भीतीची नोंद कोण ठेवणार? ती बहुधा भुताच्या गोष्टीतच राहते. अशा गोष्टींचे एक खोरे आज आपण पाहणार आहोत.

हे खोरे वेल्स देशाच्या आग्नेय भागात, जुन्या मॉनमथशर परगण्यात आहे. एबू नावाची नदी दोन शाखांनी डोंगरांतून उतरते. मोठी शाखा ती एबू वौर आणि धाकटी ती एबू वाख, म्हणजे लहान एबू. ह्या धाकटीच्या काठी वरून खाली येताना नँटिग्लो, ब्लेना, ॲबरटिलरी आणि सिक्स बेल्स ही गावे लागतात. पुढे ॲबरबीग येथे दोन्ही शाखा एकत्र होतात आणि नदी न्यूपोर्टकडे समुद्राला भेटायला जाते. खोरे अरुंद आहे. दोन्ही बाजूंना उघडे, वाऱ्याचे डोंगरमाथे आहेत. त्यांच्यावर मेंढ्या चरतात आणि पावसाळी धुके कोणतीही सूचना न देता उतरते. नँटिग्लो ह्या नावाचा अर्थ 'कोळशाचा ओढा' असा आहे. पुढे ह्या खोऱ्याचे काय होणार, हे जणू त्या नावातच सांगून ठेवलेले होते.

ह्या खोऱ्याच्या भुतांना एक इतिहासकार लाभला. त्याचे नाव एडमंड जोन्स. तो १७०२ साली ॲबरिस्त्रुथ ह्या इथल्याच परगण्यात गरीब घरी जन्मला. शालेय शिक्षण बेताचेच झाले. परंतु वाचनाच्या बळावर तो धर्मोपदेशक झाला आणि पाँटिपूलजवळ त्याने आपल्या पंथाचे प्रार्थनामंदिर उभारले. ते पुरे करण्यास पैसे कमी पडले, तेव्हा त्याने आपली पुस्तके विकली, असे त्याच्याविषयी सांगतात. पुस्तकांवर ज्याचा जीव आहे अशा माणसाने पुस्तके विकणे म्हणजे काय, हे ह्या सभेला सांगायला नको. डोंगरदऱ्यांतून पायी हिंडत त्याने वार्धक्यापर्यंत उपदेश केला. लोक त्याला 'म्हातारा प्रेषित' म्हणत. १७९३ साली, नव्वदी ओलांडल्यावर, तो वारला.

ह्या जोन्सने दोन पुस्तके लिहिली, आणि त्यांच्यामुळेच हे खोरे आपल्याला बोलते झालेले सापडते. पहिले १७७९ सालचे, आपल्या जन्मपरगण्याचे वर्णन. त्यात ओढे, डोंगर, झाडे, शेते आणि सज्जन शेजारी ह्यांच्याबरोबरच एक प्रकरण तिथल्या अदृश्य रहिवाशांना दिलेले आहे. दुसरे १७८० सालचे. ते सर्वस्वी मॉनमथशर आणि वेल्स येथे दिसलेल्या पिशाचांच्या आणि छायांच्या हकिगतींचे आहे. एखादा उपदेशक भुतांची खानेसुमारी का करीत बसला, असे आपल्याला वाटेल. जोन्सचे उत्तर सरळ होते. जो भूत नाही म्हणतो, तो उद्या आत्मा नाही म्हणेल आणि परवा ईश्वर नाही म्हणेल. शहरांतले शिकलेले लोक पहिली पायरी उतरले आहेत. त्यांना तेथेच थांबवावयाचे, तर साक्षीदार हवेत. म्हणून तो साक्षी गोळा करीत गेला. अमक्या गावचा अमका, खरे बोलणारा म्हणून प्रसिद्ध, त्याने हे डोळ्यांनी पाहिले, अशी त्याची मांडणी आहे. असे मानणारा तो एकटा नव्हता. इंग्लंडात चेटुकाचे खटले चालविण्याचा कायदा १७३६ साली रद्द झाला होता. तरी पुढे बत्तीस वर्षांनी, १७६८ साली, प्रत्यक्ष जॉन वेस्लीने आपल्या रोजनिशीत लिहिले की चेटूक सोडणे म्हणजे बायबल सोडणे होय.

जोन्सच्या साक्षींपैकी पहिली साक्ष त्याची स्वतःची आहे. तो लहान असताना एका सकाळी, सूर्य उगवल्यानंतर, आपल्या मावशीबरोबर घराकडे चालला होता. वाटेवरच्या शेतात त्याला मेंढ्यांचा एक वाडा दिसला. माणसे त्यातून आतबाहेर करीत होती, ती नुकतीच नाचून थांबली असावीत असे वाटत होते, आणि त्यांत उंच टोपी व तांबडे जाकीट घातलेली एक रूपवान स्त्री होती. तिचा बाकीचे मान राखीत आहेत असे त्याला वाटले. पुढे त्याने त्या वाड्याविषयी विचारले, तर मावशी म्हणाली, तेथे वाडा कधी नव्हताच. परी म्हणतात त्या ह्याच. तिथले लोक त्यांना 'आयांचा आशीर्वाद' असे गोड नाव देत. ज्याची भीती वाटते त्याला गोड नाव द्यावे, ही रीत जगभर सारखीच दिसते. त्यांचे संगीत मंद आणि मधुर असे, पण त्यांची चाल मात्र कोणालाही उचलता येत नसे. त्या पोराने पाहिलेले दृश्य खरे होते की बालपणीचे स्वप्न, ह्याचा निकाल आम्ही देत नाही. परंतु साठसत्तर वर्षांनंतर एका वृद्ध उपदेशकाला ते तांबडे जाकीट जसेच्या तसे आठवत होते, एवढे मात्र निश्चित.

आता ह्या खोऱ्याची खरी नायिका पाहू. लानहिलेथच्या डोंगरावर 'डोंगरावरची म्हातारी' फिरत असे. रूप असे की गरीब बाई, राखेच्या रंगाची वस्त्रे, डोक्यावर चौकोनी लांबट टोपी, पदर खांद्यावर टाकलेला आणि हातात दुधाचे भांडे, जणू दूध आणायलाच निघाली आहे. ती नेहमी वाटसरूच्या पुढे चालत असे आणि अधूनमधून 'वौ अप' अशी हाळी देत असे. जो तिला पाही, तो पायाखालची वाट असूनही चुके. आपल्याकडे ह्याला चकवा म्हणतात. रॉबर्ट विल्यम्स नावाच्या एका सुस्थितीतल्या माणसाची हकिगत जोन्सने दिली आहे. रात्री डोंगरातून जाताना त्याला ती पुढे दिसली. वाट चुकल्याचे त्याच्या ध्यानात आले होते, म्हणून त्याने तिला थांबण्यासाठी हाक मारली. उत्तर आले नाही. तो धावू लागला, तशी ती अधिकच दूर जाऊ लागली, आणि अखेरीस तो दलदलीत जाऊन पडला. तेव्हा ती विचित्र हसल्याचे त्याने ऐकले. सहज म्हणून त्याने खिशातला सुरा काढला, आणि म्हातारी नाहीशी झाली.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असे म्हणून हे सोडून देता येईल. परंतु जरा थांबून पाहावे. धुक्यात आवाजाची दिशा कळत नाही. समोरच्या डोंगरावरची हाक कानाशी आल्यासारखी वाटते, आणि जवळची दूर जाते. वाट चुकलेला मनुष्य पुढे दिसणाऱ्या कोणत्याही आकृतीमागे धावतो, आणि डोंगरावरची हिरवी गवताळ जागा बहुधा दलदलीचीच असते. म्हणजे धुके, आवाज आणि दलदल ह्यांची खरीखुरी भौगोलिक माहिती ह्या गोष्टीत साठवलेली आहे. धुक्यात कोणाच्याही मागे धावू नये, हा धडा म्हातारीच्या तोंडून पोरांना जितका पटे, तितका बापाच्या तोंडून पटला नसता.

पण ह्या गोष्टीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. ही म्हातारी म्हणजे जुआन व्हाइट नावाच्या एका बाईचे भूत, असे लोक सांगत. ती फार पूर्वी त्या भागात राहत होती आणि लोक तिला चेटकीण समजत. पुरावा एवढाच की तिच्या मृत्यूपूर्वी त्या डोंगरावर भूत नव्हते! जिवंतपणी तिने कोणाचे काय वाकडे केले, हे कोणी सांगत नाही. ती गरीब होती, म्हातारी होती, आणि दुधाचे भांडे घेऊन दारोदार जात असावी, इतकेच त्या भुताच्या वेषावरून आपण अनुमान करू शकतो. अशा बाईला रिकाम्या हाताने परत पाठविणारा शेजारी रात्री तिच्या शापाला भिणारच. जोन्सने साक्ष नोंदविली ती पिशाचाविरुद्ध. आज आपण ती वाचतो तेव्हा ती शेजाऱ्यांविरुद्ध जाते.

ह्याखेरीज ह्या खोऱ्यात आणि आसपास भुतांच्या किती तरी जाती होत्या. आकाशातून जाणारे यमलोकीचे कुत्रे होते. त्यांची खूण अशी की ते दूर असता मोठ्याने भुंकत आणि जवळ येत तसा आवाज बारीक होई. रात्री उडत जाणाऱ्या रानहंसांच्या थव्यांचा तो कलकलाट असावा, असे पुढे काही अभ्यासकांनी म्हटले आहे. कोणी मरणार असले की त्याची प्रेतयात्रा आधीच वाटेवरून गेलेली दिसे. आणि 'प्रेतदीप' म्हणजे एक लहानशी ज्योत मरणाऱ्याच्या घरापासून स्मशानापर्यंत आपोआप चालत जाई. मूल मरणार असेल तर ज्योत फिकट निळसर. हा प्रेतदीप मूळचा पश्चिम वेल्समधला, संत डेव्हिडच्या धर्मप्रांतातला. आपल्या लोकांना मरणाची आगाऊ सूचना मिळावी अशी त्या संताने प्रार्थना केली आणि ती फळाला आली, अशी तिकडची श्रद्धा आहे. मृत्यू अचानक न येवो, निरोप घेण्यापुरती सवड मिळो, एवढेच मागणे त्या दिव्यामागे आहे.

जोन्स १७९३ साली वारला, आणि दोनच वर्षांनी, १७९५ साली, नँटिग्लो येथे लोखंडाचा कारखाना निघाला. खोऱ्याचा इतिहास येथे दुभंगतो. मेंढ्यांच्या वाड्यांच्या जागी भट्ट्या आल्या. रात्रीचा अंधारच नाहीसा झाला, कारण भट्टीच्या ज्वाळांनी आकाश तांबडे राहू लागले. कामाच्या शोधात पश्चिमेकडच्या कार्मार्थन, कार्डिगन ह्या परगण्यांतून माणसे येऊ लागली, आणि बोचक्यांबरोबर त्यांनी आपली भुतेही आणली. प्रेतदीप कोळशाच्या खोऱ्यांत बोलले जाऊ लागले, ते असे. भुतालासुद्धा पोटामागे स्थलांतर करावे लागते, हा बोध आपण येथे घ्यावा.

आणि जी भुते डोंगरमाथ्यावर होती, ती गेली कोठे? कार्डिफ येथे अमेरिकेचा वकील म्हणून असलेल्या वर्ट साइक्स ह्या गृहस्थाने १८८० साली वेल्सच्या भूतकथांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात डोंगरावरच्या म्हातारीची पुढची हकिगत आहे. धर्माचा प्रकाश पसरला तशी तिला डोंगरावर राहवेना, आणि ती जमिनीखाली, कोळशाच्या खाणींत आणि भुयारांत जाऊन लपली, अशी ती हकिगत. लोकांनी हे गंमत म्हणून सांगितले असेल. आम्हांस मात्र त्यात इतिहासाचे सूत्र दिसते. लोकांची भीती जेथे उतरली, तेथेच भूतही उतरले. खोऱ्यातील बाप आणि मुलगे आता रोज जमिनीखाली जात होते. म्हातारी वर राहून काय करणार?

खाणीतली भुते तशी जुनीच. १७५४ साली लुइस मॉरिस ह्या विद्वान गृहस्थाने, जो स्वतः शिशाच्या खाणींचा कारभार पाहत असे, पत्रांतून लिहिले आहे की खाणीत 'ठोके देणारे' अदृश्य प्राणी असतात आणि त्यांच्या ठोक्यांमागे गेले की धातूची शीर सापडते. हा मनुष्य अडाणी नव्हता. दगडावर ताण येतो, लाकडी टेकू कुरकुरतात, पाणी झिरपते. अंधारात हे आवाज माणसाच्या हातचे वाटतात. कोळशाच्या खाणीत आवाज ऐकणे हे तर जगण्याचे साधनच होते. टेकू बोलू लागला की मागे सरावे. डेव्हीचा सुरक्षादीप १८१५ साली आला. त्याच्या ज्योतीवर फिकट निळी टोपी चढली की ज्वालाग्राही वायू जमला आहे असे समजावे. प्रेतदीपाची निळसर ज्योत आणि ही निळी टोपी ह्यांचा संबंध आम्ही जोडत नाही. तो जोडण्यास पुरावा नाही. परंतु निळ्या ज्योतीला भिण्याचे खरे कारण खोऱ्याला मिळाले, हे खरे. १८४२ साली शाही चौकशी आयोगाचा अहवाल बाहेर आला, तेव्हा देशाला कळले की पाचसहा वर्षांची पोरे खाणीतली दारे उघडण्या-मिटण्यासाठी काळोखात तासचे तास एकटी बसतात. त्या पोरांना भुते दिसली असतील, तर त्यांच्यावर हसण्याचा अधिकार कोणाला आहे?

आता ह्या खोऱ्यातील सर्वांत विलक्षण भुतावळीकडे येऊ. ही भुते खरोखरीची होती, म्हणजे माणसे होती. १८२० पासून पुढे पंधरा वर्षे मॉनमथशरच्या ह्या खोऱ्यांत 'स्कॉच कॅटल', म्हणजे 'स्कॉच गुरे', ह्या नावाची मजुरांची एक गुप्त टोळी वावरत होती. संप मोडून कामावर जाणाऱ्याच्या घरी आधी इशारा जाई. तो मानला नाही, तर रात्री डोंगरावर शिंगे वाजत, आणि तोंडाला काळे फासलेली, गुरांची कातडी आणि शिंगे धारण केलेली माणसे हंबरत खाली उतरत. खिडक्या फुटत, सामानसुमान जळे. त्यांच्या म्होरक्याला 'बैल' म्हणत. कोणी कोणाचे नाव सांगत नसे. ज्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या रात्रीच्या आवाजाला लोक भ्याले, तेथे मजुरांनी तीच भीती हत्यार म्हणून उचलली, असे आमचे मत आहे. कायद्याने संघटना जवळजवळ अशक्य, मालक शासकच, आणि पगार मालकाच्याच दुकानात खर्च व्हायचा. अशा वेळी दुबळ्याने भूत व्हावे, ह्यात नवल नाही. परंतु ह्या सोंगाची किंमत इतर गरिबांनीच मोजली, हेही लपवून चालणार नाही. अशाच एका धाडीत गोळी लागून एक स्त्री मेली, आणि १८३५ साली एडवर्ड मॉर्गन ह्या तरुणाला मॉनमथ येथे फाशी दिले. मालकांनाही भीती चुकली नव्हती. नँटिग्लोच्या बेली बंधूंनी आपल्या घराशेजारी जाड भिंतींचे, बंदुकीला भोके ठेवलेले दोन वाटोळे बुरूज बांधले होते. ते बांधण्यास त्यांना कोणत्याही म्हातारीच्या भुताने भाग पाडले नव्हते.

जोन्सने ज्या नास्तिकतेची धास्ती घेतली होती, तीही त्याच्या परगण्यात आलीच. झेफनाया विल्यम्स हा ब्लेनाजवळ खानावळ व दारूगुत्ता चालविणारा, खाणीची जाण असलेला मनुष्य. तो स्वतंत्र बुद्धीचा म्हणून उपदेशकांच्या रोषाला पात्र झाला होता. मताधिकाराच्या चार्टिस्ट चळवळीत नोव्हेंबर १८३९ मध्ये हाच मनुष्य नँटिग्लो-ब्लेनाच्या मजुरांना घेऊन वादळी पावसाच्या रात्री न्यूपोर्टकडे निघाला. सकाळी तेथे सैनिकांनी गोळीबार केला आणि वीसबावीस माणसे मेली. विल्यम्सला देहान्ताची शिक्षा झाली. ती पुढे काळ्या पाण्यावर आली. त्या रात्री डोंगरावरून हजारो पावले गेली. पण म्हातारी दिसल्याचे आमच्या वाचनात नाही. ज्याला वाट कोठे जाते हे ठाऊक आहे, त्याला चकवा लागत नाही.

तथापि भय काही सरले नाही. पोर्ट टॅल्बटजवळची मॉर्फा खाण 'भुतांची खाण' म्हणून प्रसिद्ध होती. तेथे १० मार्च १८९० रोजी स्फोट होऊन ८७ माणसे मेली. आधी काही दिवस खाणीत चमत्कारिक आवाज ऐकू आले होते, म्हणून काही जण त्या दिवशी कामावर गेले नाहीत, असे लोक सांगू लागले. आपल्या लहान एबूच्या काठी, सिक्स बेल्सच्या खाणीत, २८ जून १९६० रोजी सकाळी स्फोट झाला. त्या भागात काम करणाऱ्या ४८ जणांपैकी ४५ मेले. पडलेला दगड पोलादी तुळईवर आपटून उडालेल्या ठिणगीने वायू पेटला असावा, असा चौकशीचा निष्कर्ष होता. एक दगड, एक ठिणगी. येथे भुताला करण्यासारखे काही उरलेच नव्हते.

शेवटची गोष्ट टॅफ नदीच्या खोऱ्यातली आहे. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी ॲबरफॅन गावी डोंगरावर रचलेला खाणीच्या मातीचा ढीग घसरून शाळेवर आला. १४४ जीव गेले. त्यांत ११६ मुले होती. त्यानंतर जॉन बार्कर ह्या मनोविकारतज्ज्ञाने वर्तमानपत्रातून विचारणा केली की ही आपत्ती आगाऊ कोणाला कळली होती काय? पाऊणशेच्या आसपास पत्रे आली. कोणाला स्वप्न पडले होते, कोणाचा जीव घाबरा झाला होता. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणावे, तर ह्यांतील पुष्कळांना ते गाव ठाऊकही नव्हते. आणि योगायोग म्हणावे, तर दुःखात बुडालेल्यांपुढे तसे म्हणायला जीभ रेटत नाही. पण खरी आगाऊ सूचना स्वप्नात आलेलीच नव्हती. ती कागदावर होती. तीन वर्षे आधी, १९६३ साली, त्या नगराच्या अभियंत्याने पत्र लिहून शाळेमागच्या ढिगाचा धोका कळविला होता. ढीग पाण्याच्या झऱ्यावर रचला जात होता आणि हे झरे नकाशावर दाखविलेले होते. चौकशी न्यायाधिकरणाने १९६७ साली दोष राष्ट्रीय कोळसा मंडळावर ठेवला.

ह्या लांबलचक हकिगतीतून आम्हांस जे सांगावयाचे आहे, ते एवढेच. प्रेतदीप मागणाऱ्या लोकांना मरणाची सूचना हवी होती. सूचना त्यांना मिळतही होती. टेकूच्या कुरकुरीतून, ज्योतीच्या निळ्या टोपीतून, अभियंत्याच्या पत्रातून मिळत होती. ज्यांच्या हाती खाण थांबविणे होते, ढीग हलविणे होते, त्यांनी ती ऐकली असती, तर पुढे कोणाला स्वप्ने आठवावी लागली नसती. जो समाज जिवंत माणसाचे सांगणे ऐकत नाही, त्याला मेलेल्यांचे ऐकत बसावे लागते.

सिक्स बेल्सची खाण १९८८ साली बंद झाली. त्या जागी २०१० साली पन्नासाव्या स्मृतिदिनी खाणकामगाराचा वीस मीटर उंचीचा पोलादी पुतळा उभा राहिला. हात पसरून तो खोऱ्याकडे पाहतो आणि त्याच्या पायथ्याशी त्या पंचेचाळीस जणांची नावे कोरलेली आहेत. धुक्याच्या सकाळी त्या मार्गाने जाणाऱ्याला तो भुतासारखा दिसत असेल. ते भूत कोणाला वाट चुकवीत नाही.

जुआन व्हाइटचे स्मारक मात्र कोठेच नाही. तिची नोंद राहिली ती एका श्रद्धाळू म्हाताऱ्याने तिला पिशाच समजून लिहून ठेवली म्हणून. ते पान पुढे कधी आपल्या हाती आले, तर पिशाचाकडे जरा दुर्लक्ष करावे आणि तिच्या हातातल्या दुधाच्या रिकाम्या भांड्याकडे पाहावे, एवढीच श्रोत्यांना विनंती आहे.